गाडीचं डावं दार

१२ नोव्हेंबर

अत्यंत जड अंतःकरणाने नोंद करते की कालपासून आमच्या गाडीचं डावं दार एका आपटण्यात लागत नाही. दोनदा आपटावं लागतं. पहिल्या वेळी ते लागल्याचं नुसतं नाटक करतं. मग आत कुठेतरी टिंग टिंग सुरू होतं, जणू माझ्या नावाने शोकसभा भरली आहे. मग मी परत उघडते, परत आपटते. पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवली, दहा वर्षं साप्ताहिकात फुकट सदर लिहिलं, कधी तक्रार केली नाही. (केली, पण छापून आली नाही.) पण दार दोनदा आपटणं हे मात्र माझ्या सहनशक्तीच्या पलीकडचं आहे.

गुन्हेगाराचं नाव नंदलाल. सायकलवाला. काल चारच्या सुमारास आम्ही कुडव्याच्या आमच्या कॉलनीच्या वळणावर थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला कुणीतरी धान वाळत घातलं होतं. धानावर चाक जाऊ नये म्हणून गजेंद्रने कडेपासून चार हात सोडून गाडी उभी केली. (गजेंद्र म्हणजे आमचे हे. चारचौघांत मी नाव घेत नाही. दैनंदिनीत घेतल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नसावं.) मी मेडिकलमधून माझ्या गोळ्या आणायला उतरत होते. एक पाय आत, एक बाहेर, खांद्याला पर्स, कानाला फोन. तेवढ्यात त्या चार हातांच्या फटीतून हा माणूस डावीकडून घुसला, "बाजू! बाई, बाजू!" असं अत्यंत उद्धटपणे ओरडला, आणि सरळ आमच्या उभ्या गाडीवर येऊन आदळला. उभ्या! बंद! कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या गाडीवर! दाराच्या अगदी धारेला केवढा पोचा आला आहे.

त्याच्या सायकलीला मागे टोपली बांधलेली होती. ती उलटली आणि हजारभर बिड्या धानात पसरल्या. धानवाला वेगळा बोंबलत आला. नंदलाल डावा खांदा धरून बसून राहिला. गजेंद्रने त्याला पाणी दिलं, उठवलं, बिड्या वेचू लागला. मला लागलं का, हे विचारलं नाही. मला लागलं नव्हतं. पण विचारायला काय जातं?

जेवताना गजेंद्र गप्प होता. हा माणूस गप्प असतो तेव्हा एक तर त्याचे दात दुखत असतात, नाहीतर काहीतरी लपवत असतो. दात परवाच दाखवून आणलेत.

१३ नोव्हेंबर

चौकात वाहतूक पोलीस उभा होता. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा, आवाजाने माझ्या सासऱ्यांएवढा. त्याला म्हटलं, सायकलवाल्यावर कारवाई करायची आहे.

"नंबर सांगा मॅडम."

"कसला नंबर?"

"गाडीचा. मशीनमध्ये नंबर टाकल्याशिवाय काहीच होत नाही."

"सायकलीला नंबर नसतो, बाळा."

"तेच तर म्हणून राहिलो मी."

म्हणजे बघा. चारचाकीवाल्याने एक सिग्नल तोडला की घरपोच पावती, फोटोसहित. आणि सायकलवाला डावीकडून, उजवीकडून, स्वर्गातून कुठूनही येवो, यंत्राच्या दृष्टीने तो जन्मालाच आलेला नाही! निदान घटनेची नोंद तरी घे, म्हणून मी आमच्या गाडीचा नंबर दिला. त्याने तो टाकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, यावर तर तीन दंड पेंडिंग आहेत. दोन सडक अर्जुनीच्या हायवेवरचे, स्पीडचे. एक सिग्नलचा."

घरी येऊन गजेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "माहीत आहे. डिसेंबरात लोक अदालत आहे, अर्ध्यात मिटतात. सगळेच थांबतात." इतक्या शांतपणे म्हणाला, जणू भाजी संध्याकाळी स्वस्त होते म्हणून थांबलाय.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा सायकलीचा आहे.

१५ नोव्हेंबर

काल पाठवलेलं सदर आज छापून आलं. मथळा, "सायकलवाले कुणाचे जावई?" लिहिताना अंगात आलं होतं. चार चाकं असली की माणूस गुन्हेगार आणि दोन चाकं असली की गरीब बिचारा, हा कुठला न्याय? घंटी नाही, ब्रेक नाही, लाईट नाही, लाज नाही. संपादकांचा फोन आला, "मॅडम, आग लावली तुम्ही." संपादकांच्या घरी तीन गाड्या आहेत.

संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष जागेश्वरजी पेढे घेऊन आले. लेखासाठी पेढे आणणारा वाचक मला दहा वर्षांत पहिल्यांदा भेटला. म्हणून मी लगेच सावध झाले. म्हणाले, "मॅडम, पोलीस नाही करत तर आपण करू. आपली कॉलनी, आपला नियम. बेदरकार सायकलीला पाचशे दंड. दंड भरेपर्यंत सायकल जप्त."

"आणि बेदरकार गाडीला?" मी सहज विचारलं. भाषेचा तोल राहावा म्हणून.

"गाडीला सरकार आहे ना," जागेश्वरजी म्हणाले. गेल्या महिन्यात यांनी रिव्हर्स घेताना एका बाईची शेळी चिरडली होती. चहा पाजून प्रकरण आपसात मिटलं. शेळीने मात्र आपसात भाग घेतला नव्हता.

पेढे बरे होते.

१७ नोव्हेंबर

समितीची बैठक मंदिरामागच्या खोलीत झाली. नंदलालला बोलावलं होतं. डावा हात गळ्यात बांधलेला, उजव्या हाताने सायकल धरून आला. आपली सायकल आपणच जप्तीला आणून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. एक तर फार भोळा, नाहीतर फार बेरकी. मी दुसरं धरून चालले.

जागेश्वरजींनी विचारलं, "काऊन रे, घंटी कायले नाही सायकलले?"

"मी आवाज देलो ना साहेब. बाजू, बाजू म्हणलो. दोनदा म्हणलो."

"आवाज म्हणजे घंटी आहे का?"

"घंटीपक्षा मोठा होता साहेब."

दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही. (आलं, पण दाबलं.) नंदलाल माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, पाचशे जास्त होतेत. अर्धे करा. माझा हात बरा झाला की मिलमध्ये जातो, मंग उरलेले देतो."

मी उभी राहून म्हटलं, "नियमात सवलत नसते. आज तुला अर्धं, उद्या दुसऱ्याला पाव. मग नियम राहतो कुठे?" टाळ्या पडल्या. गजेंद्र मागे दारापाशी उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही. वर पंख्याकडे बघत होता आणि पंखा बंद होता.

नंदलाल जाताना म्हणाला, "सायकल ठेवा. पण बाईच्या बिड्या कशा पोचतीन?" कुणाला नीट कळलं नाही म्हणून त्याने सांगितलं. त्याची बायको शामकला घरी बिड्या वळते. रोज साडेपाचच्या आत माल सट्टेदाराकडे पोचवावा लागतो. पानं, तंबाखू तोच देतो आणि वळलेल्या बिड्या तोच घेतो. चार दिवस माल आला नाही की तो नाव कापतो आणि पानं दुसऱ्या बाईला देतो. अंतर साडेचार किलोमीटर. एक दिवस तर धानातच गेला होता, आणि तेव्हापासून शेजारचं पोर याच सायकलवर टोपली नेत होतं.

जागेश्वरजी म्हणाले, "पायी जाय म्हणा. तब्येतीले चांगलं असते." ते स्वतः मंदिरापर्यंत गाडीने येतात.

खोलीला कुलूप लागलं. किल्ली आणि पावतीपुस्तक कॉलनीचा चौकीदार दुधराम याच्याकडे. शंभर पावत्यांचं पुस्तक खास छापून आणलंय. वर ठळक अक्षरात, "गुन्हा: बेदरकारपणे सायकल चालवणे." शंभर! म्हणजे अजून नव्व्याण्णव जणांची सोय आहे.

१९ नोव्हेंबर

गजेंद्रच्या शर्टाला तंबाखूचा वास येतो.

बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने सुपारीसुद्धा खाल्ली नाही. आज कपडे धुवायला टाकताना वास आला. खिशाला नाही, बाहीला नाही, अख्ख्या पाठीला. विचारलं तर म्हणाला, "बाजारात गर्दी होती." गर्दीत लोक याच्या पाठीवर तंबाखू चोळतात का?

२० नोव्हेंबर

दुपारी साडेतीनला स्कूटर काढून गेला. सहाला आला. "कुठे?" "फिरायला." रिटायर झाल्यावर हा माणूस गॅलरीपर्यंत फिरत नव्हता.

२१ नोव्हेंबर

स्कूटरच्या डिकीत वाळलेल्या पानाचे तुकडे. आणि एक अख्खी बिडी, लाल दोऱ्याने बांधलेली. ओढलेली नाही. म्हणजे पुढच्या खेपेची!

मी बिडी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने पाहिली, उचलली, खिशात घातली आणि वरण वाढून घेतलं. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो? पण खोकत नाही, तोंडाला वास नाही. बिडी पाठीने ओढणारा हा जिल्ह्यातला पहिलाच माणूस असावा.

शिवाय माझ्या डब्यातल्या चार पोळ्या कमी होत्या. बिडी, पोळ्या, साडेतीन ते सहा. बाई असावी. या वयात! आणि बाई असेल तर पोळ्या माझ्या कशाला?

२२ नोव्हेंबर

साप्ताहिकात माझ्या लेखावर एकोणीस पत्रं. सतरा गाडीवाल्यांची. एक कुणा शाळेच्या पोरीचं, तिची सायकल रोज गाड्यांच्या मधून जाते म्हणून भीती वाटते, असं. संपादक म्हणतात ते छापायला जागा नाही. एकोणिसावं निनावी. फक्त एक ओळ, "दार कोणी उघडलं?" अक्षर ओळखीचं वाटतं. गजेंद्रचं "द" काढण्याचं वळण असंच आहे. मी पत्र परत वाचलं नाही. खोचकपणा करायला लोकांना विषय लागत नाही.

२४ नोव्हेंबर

गाडी भुपेंद्रच्या गॅरेजला नेली. त्याने दार उघडलं, लावलं, बिजागरी हलवून पाहिली, धारेवरच्या पोच्यावर अंगठा फिरवला.

"मॅडम, किसने ठोका?"

"एका सायकलवाल्याने. गाडी उभी होती."

"गाडी खडी होगी. पण दरवाजा खुला होता."

"बंद होता."

"अरे मॅडम," तो हसला, अगदी निरागसपणे, "बंद दाराची धार आत राहते ना. पत्र्याच्या आत. तिला मार लागूच शकत नाही. हा दणका समोरून नाही, मागून बसला. दार उघडं, मागून कोणी आलं, धाडकन. देखो, बिजागरी पुढे मुरडली आहे. रोज दोन येतात असे. नागपूरहून आलेल्या एका गाडीच्या दारावर आदळून तर एक जण मरता मरता वाचला. सायकलवाला."

मी म्हटलं, तू मेकॅनिक आहेस, पोलीस नाहीस. तो म्हणाला, "हाव ना. दरवाजे को झूठ बोलना आता नहीं, इतकंच मला माहीत."

दार दुरुस्त करायचं का, विचारलं. नको म्हटलं. का म्हटलं ते मलाच माहीत नाही.

२५ नोव्हेंबर

काही नाही. म्हणजे एवढंच की दुपारी गजेंद्र गेल्यावर अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले. डावीकडे. पर्स खांद्याला, फोन कानाला, तसंच सगळं. मग उतरले. हात आपोआप दाराकडे गेला. दार उघडताना मी कुठे बघते?

फोनकडे.

परत बसले. परत उतरले. तीनदा. शेजारच्या सूनबाई गच्चीवरून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल मॅडमचं डोकं फिरलं. मला त्या बाईचा पूर्वीपासूनच संशय आहे.

तरी माझं म्हणणं आहे की त्याने घंटी वाजवायला हवी होती.

पण ओरडला होता ना. दोनदा. मीच लिहून ठेवलंय, बारा तारखेला. "अत्यंत उद्धटपणे."

२७ नोव्हेंबर

गजेंद्रला ताप. गोळी घेऊन झोपला. चार वाजता फाटक वाजलं. एक बाई, पन्नाशीच्या आतबाहेरची, कंबरेवर सुपासारखी टोपली, त्यावर ओलं फडकं. आत तंबाखूचा तो वास. तोच.

"साहेब हायेत का?"

मी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तर ही ती. पोळ्यांची मालकीण. "काय काम आहे साहेबांकडे?"

"आज आले नाईत. टाइम होऊन रायला. साडेपाचले बंद होते."

"कोण तू?"

"शामकला. नंदलालची."

मी काहीही न विचारता फाटक उघडलं. माझ्या आयुष्यात असं क्वचित होतं. तीच बोलली, "साहेब रोज गाडीवर टोपली नेऊन देतेत. आठ-नऊ दिस झाले. मी नको म्हणलो. ऐकत नाईत. पैले दिसी त माझ्या मालकाले डागदरकडे बी नेलेत. तुमाले माईत नाई का?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

"पोळ्या बी देतेत तुमच्या हातच्या. मीठ कमी रायते."

घरात ताप, दारात टोपली, घड्याळात चार वाजून दहा. नंदलालच्या बायकोला मी हेही विचारू शकले असते की मग तू माझ्यावर रागावली का नाहीस. विचारलं ते वेगळंच. "नंदलालने त्या दिवशी बैठकीत सांगितलं का नाही? दाराचं?"

तिने टोपली दुसऱ्या कडेवर घेतली. "सांगून काय होते बाई? तुमी गाडीवाल्या, त्यात लिवनाऱ्या. आमचा मालक म्हणे, दंड देल्लेला बरा, बोलून पुन्ना पेपरात येनार." मग फडकं सारखं करत, "पन तुमी पायलं पायजे होतं. पोरंसोरं रायतेत सायकलीवर."

मी स्कूटर काढली. सात वर्षांनी. शामकला मागे बसली, टोपली आम्हा दोघींच्या मध्ये, म्हणजे माझ्या पाठीला. कळलं पाठ कशी ओढते ते. कुडव्यापासून गावात जाईपर्यंत किती गाड्या कडेला उभ्या असतात! प्रत्येक गाडी मागे टाकताना माझा अंगठा हॉर्नवर होता. एका गाडीत बसलेल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "क्या हुआ, बहनजी?" त्याला काय सांगणार, की मी तुमच्या दारावर संशय घेऊन राहिले आहे.

सट्टेदाराचा माणूस टोपली उपसत होता. फाटकं पान दिसलं की बिडी बाजूला. मी म्हटलं, नीट तर आहे ती. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वळता का मॅडम?" शामकलाने पदर ओढून मला मागे घेतलं. रांग संपून टोपली मोजून झाली तेव्हा साडेपाचला सात मिनिटं कमी होती.

२८ नोव्हेंबर

खुलासा लिहायला बसले. "मागील लेखात नमूद केल्याप्रमाणे" इथपासून सुरुवात केली. चौथ्या ओळीत मीच बिचारी झाले होते. सहाव्या ओळीत रस्ताच अरुंद होता. फाडला.

दुसऱ्यांदा लिहिला. त्यात "तरीसुद्धा" हा शब्द तीनदा आला. तोही फाडला. माझ्या लेखणीचा मला कधी संशय आला नव्हता. तिसरा खुलासा दोन ओळींचा झाला. दार मी उघडलं, मागे पाहिलं नाही. संपादकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "यात मजा नाही, मॅडम." छापतील असं वाटत नाही. पाठवला.

२९ नोव्हेंबर

सकाळी जागेश्वरजींचा फोन, पावतीपुस्तकात एकही पावती फाटलेली नाही, वसुली कशी वाढवावी. मी म्हटलं, बघते.

चार वाजता गजेंद्र झोपलेला होता. मंदिरामागे गेले. दुधराम खोलीबाहेर उन्हात बसून होता.

"दंड भरायचा आहे."

"नंदलालचा?"

"त्याचा कशाला? माझा."

मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने पुस्तक उघडलं, जिभेला पेन लावला. नाव, प्रेमिला. पुढे अडला. "मॅडम, गुन्हा काय लिहू? दार उघडण्याचं इथं नाही छापलेलं."

"जे छापलंय ते राहू दे."

"मंग त सायकलचं होते. तुमी सायकल चालवता का?"

"शेवटची नववीत चालवली."

दुधरामने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मी विचारलं, "अर्धे घेता येतात का रे? लोक अदालतीत घेतात."

"इथं कुठची अदालत मॅडम," तो म्हणाला, आणि नोट घेतली.

पावती क्रमांक एक. या कॉलनीत बेदरकारपणे सायकल चालवल्याबद्दल दंड भरलेली पहिली आणि आजवरची एकमेव व्यक्ती मी आहे. इथे पानाला टाचून ठेवते.

गुन्हेगार सापडला, दंड भरला, मग सायकल जप्त ठेवायचं कारण उरत नाही, असं मी दुधरामला पटवलं. त्याला पटलं नाही, पण किल्ली दिली. सायकलीच्या पुढच्या चाकाला आठ आलेला, म्हणजे चाक वाकडं. मला बसता येण्यासारखी नव्हती, म्हणून हाताने धरून नेली, गॅरेजवरून. भुपेंद्रने चाक सरळ केलं, मी म्हटल्यावर घंटी बसवली. एक शब्द विचारला नाही. शामकलाच्या अंगणात कुणी नव्हतं. भिंतीला सायकल टेकवून ठेवली. घंटी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही.

घरी आले तर गजेंद्र उठून बसला होता, ताप उतरलेला. माझ्या साडीच्या काठाला साखळीचं काळं ग्रीस लागलं होतं, हातभर.

"कुठे गेली होतीस?"

"फिरायला."

त्याने काठाकडे पाहिलं, मग पंख्याकडे. मी वरण तापवायला ठेवलं. आज मीठ नीट टाकलं.